टीव्हीवरून तळहातावर

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल आकुर्डी सोडून पुढे आली, की कारखान्यांची गर्दी किंचित विरळ होते, लष्करी हद्दीच्या खुणा दिसू लागतात आणि गाडी देहूरोडला थांबते. लष्कराची छावणी, लष्कराचे भांडार आणि दारूगोळ्याचा कारखाना यांच्या आधाराने वाढलेले हे गाव. पुढे पिंपरी-चिंचवड, तळेगाव आणि चाकण येथे मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले आणि देहूरोडची पुष्कळ माणसे तिकडे कामाला जाऊ लागली. त्यामुळे येथील अनेक घरांची दिनचर्या सूर्यापेक्षा कारखान्यांतील पाळ्यांवर अधिक अवलंबून असते. वडील या आठवड्यात पहिल्या पाळीला असले, तर पहाटेच घराबाहेर पडतात. पुढल्या आठवड्यात रात्रपाळी आली, म्हणजे घरातील इतर माणसे उठतात त्या वेळी ते झोपी जातात. शाळेला सुट्टी रविवारी आणि या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी. एकाच छपराखाली राहणाऱ्या बापलेकांच्या सुट्ट्या अशा वर्षानुवर्षे एकमेकींना चुकवीत असतात.

अशा घरात टीव्ही बहुधा एकच असतो आणि त्यावर हक्क सांगणारी माणसे चार. संध्याकाळ आजीच्या मालिकेची, रात्र आजोबांच्या बातम्यांची. रात्रपाळी करून आलेले माणूस आतल्या खोलीत झोपलेले असले, म्हणजे तर टीव्ही बंदच. ज्या खेळाला टीव्ही लागतो, तो खेळ या रांगेत अगदी शेवटी उभा राहतो. म्हणून घरी टीव्हीवर आणि एरवी तळहातावर, अशा दोन्ही रीतींनी चालणारे व्हिडिओ गेमचे यंत्र एखाद्या देहूरोडकर मुलाच्या हाती आले, तर त्याचे मोल त्याला जाहिरातीतून पटवून द्यावे लागत नाही.

अशा यंत्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध झालेले यंत्र म्हणजे ‘स्विच’. जपानमधील क्योतो शहरच्या निन्टेंडो या कंपनीने ते ३ मार्च २०१७ रोजी विक्रीस आणले आणि पुढील आठ वर्षांत त्याचे पंधरा कोटींहून अधिक नग खपले. २०२५ च्या जूनमध्ये त्याची दुसरी पिढीही बाजारात आली. पहिल्या यंत्राचे रूप अगदी साधे आहे. शाळेच्या पाटीहून बरीच लहान अशी एक काळी पाटी. तिच्या दोन्ही कडांना खाचेत सरकवून बसविलेले दोन चिमुकले कंट्रोलर. सगळ्यांचे मिळून वजन सुमारे ४०० ग्रॅम. टीव्हीशेजारी एक पोकळ बैठक ठेवलेली असते. तिला ‘डॉक’ म्हणतात. पाटी त्या बैठकीत उभी केली, की खेळ टीव्हीवर दिसतो. आजी मालिकेसाठी येऊन बसली, की मुलाने पाटी नुसती उचलून घ्यावयाची. खेळातला वीर डोंगराच्या अर्ध्या चढावर असेल, तर तो त्याच चढावर, त्याच पायरीवर, आता हातातल्या लहान पडद्यावर दिसू लागतो. दोन्ही कंट्रोलर काढून एक बहिणीला व एक भावाला दिला आणि पाटी मागच्या टेकूवर टेबलावर उभी केली, तर दोघांचा सामना रंगतो. भांडणे त्यामुळे अजिबात होत नाहीत असे नाही. मात्र ‘टीव्ही कुणाचा’ हे भांडण तेवढे मिटते.

अशा दुहेरी यंत्राला ‘हायब्रीड’ म्हणतात. हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत फार पूर्वीच येऊन पोहोचला आहे. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण शेतकऱ्यांना मिळाले आणि तेव्हापासून ‘हायब्रीड’ म्हटले, की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेंगणी, भरघोस कणसांची ज्वारी उभी राहते. त्या ज्वारीने कणग्या भरल्या. पण तिच्या भाकरीला गावरान चव नाही, ही कुरकुरही घरोघर ऐकू आली. दोन वेगळ्या जातींचे गुण एकत्र आणावयाचे, म्हणजे कोठे तरी थोडे सोडावेच लागते. यंत्राच्या बाबतीत काय सोडावे लागले, हे समजण्यासाठी त्याच्या पोटात डोकावले पाहिजे.

घरी बसून खेळण्याचे यंत्र आणि प्रवासात खेळण्याचे यंत्र यांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध असतात. टीव्हीचा पडदा मोठा. त्यावरचे चित्र स्वच्छ दिसावयाचे, तर ते पुष्कळ बारीक ठिपक्यांनी भरावे लागते. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके धरले, तर त्यांचा गुणाकार वीस लाखांच्या वर जातो. हे सर्व ठिपके सेकंदात तीस वेळा, काही खेळांत साठ वेळा, नव्याने रंगवावे लागतात. हे काम करणारी चीप जितकी वेगाने चालते, तितकी वीज ती अधिक खाते आणि तितकीच अधिक तापते. भिंतीतल्या प्लगमधून वीज येत असेल, तर तिचा तोटा नाही. बॅटरी मात्र मोजकी.

यावर कंपनीच्या अभियंत्यांनी काढलेली तोड मोठी हिशेबी आहे. स्विचचा स्वतःचा पडदा ६.२ इंचांचा असून त्यात आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके आहेत. गुणाकार करून पाहिला, तर तो सव्वानऊ लाखांच्या आत राहतो. म्हणजे टीव्हीसाठी लागणारे ठिपके याच्या बरोबर सव्वादोन पट झाले. तेव्हा पाटी डॉकमधून उचलताच चित्रे रंगविणारा चिपेचा भाग आपला वेग सुमारे निम्म्यावर आणतो. काम निम्म्याहून कमी झालेले असल्यामुळे खेळणाऱ्याला फरक जवळजवळ जाणवत नाही आणि वीज वाचते. पाटी पुन्हा डॉकमध्ये ठेवली, की वेग पुन्हा वाढतो. वरच्या बाजूच्या झरोक्यावर हात धरला, तर आतल्या इवल्याशा पंख्याने बाहेर फेकलेली ऊन हवा हाताला लागते. टीव्हीपुढे बसलेल्या मुलाला वाटते, की पाटी बैठकीत नुसती टेकली आहे. पण त्याच वेळी ती दुप्पट वेगाने राबत असते.

आता बॅटरीचा हिशेब. तिच्यात सुमारे १६ वॅट-तास वीज मावते. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा एवढ्या विजेवर दोन तासही जळणार नाही. तेवढ्यात पडदा उजळावयाचा, आवाज काढावयाचा, पंखा फिरवावयाचा आणि दर सेकंदाला कोट्यवधी ठिपके रंगवावयाचे. २०१७ चे यंत्र यावर अडीच ते साडेसहा तास चाले. २०१९ साली कंपनीने तीच बॅटरी ठेवून आतली चीप अधिक सूक्ष्म रचनेची बसविली आणि तोच काळ साडेचार ते नऊ तासांवर गेला. बॅटरी न वाढविता नुसती उधळपट्टी थांबविल्याने केवढा लाभ होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. देहूरोडहून पुण्याच्या शिवाजीनगरपर्यंत लोकलने जाण्यास पाऊण तासाच्या आसपास लागतो, येताना तेवढाच. नवे यंत्र असेल तर जाऊन-येऊन खेळूनही बॅटरीत पुष्कळ वीज उरते. जुने असेल आणि खेळ भारी असेल, तर घरी परत येईपर्यंत निम्म्याहून अधिक वीज संपलेली असते.

ही बॅटरी लिथियम-आयन जातीची आहे. मोबाइल फोनमध्येही हीच असते. तिचा शोध लावण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती नसती, तर असे यंत्र झालेच नसते. १९८९ साली निन्टेंडोनेच काढलेल्या ‘गेम बॉय’ या हातातल्या यंत्राला चार साधे सेल लागत आणि त्याचा पडदा हिरवट, बिनरंगी होता. तो तसा मुद्दामच ठेवलेला होता. कारण त्या काळी रंगीत पडदा बसविला, तर सेल काही तासांतच संपून जात. पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने रंगीत पडद्याचे यंत्र काढले. ते सहा सेल घेई आणि जेमतेम तीन ते पाच तास चाले. दिसावयास ते कितीतरी सुंदर. पण खपले गेम बॉयच.

ती हिरवट पडद्याची निवड करणाऱ्या माणसाची कथा पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील मुलांना विशेष जवळची वाटेल. त्याचे नाव गुन्पेई योकोई. निन्टेंडो कंपनी १८८९ साली स्थापन झाली ती खेळाचे पत्ते बनविण्यासाठी. आपल्याकडे सावंतवाडीला जसा रंगीत गंजिफा होतो, तसे जपानात फुलांच्या चित्रांचे पत्ते असतात; ते ही कंपनी तयार करी. १९६५ साली योकोई तेथे लागला तो संशोधक म्हणून नव्हे. पत्ते बनविणाऱ्या यंत्रांची देखभाल, हे त्याचे काम. यंत्रे नीट चालत असली, म्हणजे देखभाल करणाऱ्याला थोडा रिकामा वेळ मिळतो. त्या वेळात त्याने आपल्या करमणुकीसाठी लांबवता-आखडता येणारा एक जाळीदार हात तयार केला. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि कामाच्या वेळी खेळणी करतो म्हणून दटावण्याऐवजी, ‘हे खेळणे विकण्यासाठी तयार कर’ असे त्याला सांगितले. १९६६ साली ते बाजारात आले आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. देखभाल खात्यातला माणूस खेळणी घडविणारा झाला.

पुढे एकदा योकोई रेल्वेने प्रवास करीत होता. समोर बसलेला एक गृहस्थ कंटाळून खिशातल्या गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसला होता, असे सांगतात. ते पाहून त्याच्या मनात आले, की प्रवासातला रिकामा वेळ घालविण्यासाठी एवढ्याच आकाराचा खेळ का नसावा? त्या सुमारास गणकयंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांत मोठी चढाओढ लागली होती. त्यामुळे गणकयंत्रातले ते करड्या आकड्यांचे पडदे फार स्वस्त झाले होते. योकोईने तेच पडदे घेतले आणि १९८० साली खिशात मावणारे ‘गेम अँड वॉच’ हे खेळ काढले. अगदी नवे, महागडे तंत्र न घेता, सर्वत्र रुळलेले आणि स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करावा, ही त्याची रीत होती. १९९७ साली रस्त्यावरील अपघातात त्याचा मृत्यू झाला. स्विच त्याने पाहिले नाही. तरीही एका बाजूला हातातली यंत्रे आणि दुसऱ्या बाजूला टीव्हीची यंत्रे, असे कंपनीचे दोन प्रवाह जेव्हा स्विचमध्ये एकत्र आले, तेव्हा त्यांपैकी एकाचा उगम त्याच्या त्या रेल्वेप्रवासात होता. हा संगम मात्र पहिल्याच प्रयत्नात साधला नाही. २०१२ साली कंपनीने टीव्हीसाठी एक यंत्र काढले होते. त्याच्या कंट्रोलरलाच पडदा होता. पण तो पडदा मुख्य यंत्रापासून दूर नेला, की निरुपयोगी होई. घरातल्या घरात फिरता येई, उंबऱ्याबाहेर पडता येत नसे. ते यंत्र फारसे खपले नाही.

आता पुन्हा देहूरोडच्या घरी यावे. तेथे हे यंत्र येते ते बहुधा आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडून, नाहीतर परदेशाहून आलेल्या काका-मावशीच्या बॅगेतून. अमेरिकेतून वा जपानमधून आलेल्या चार्जरला दोन चपट्या पट्ट्या असतात आणि आपल्याकडील प्लगला गोल भोके. येथेच पहिली अडचण उभी राहते. वडीलधाऱ्यांना दुसरीच भीती वाटते. अमेरिकेहून आणलेला मिक्सर येथे लावताच जळाला, ही गोष्ट त्यांनी कोठे तरी ऐकलेली असते. ती भीती रास्त आहे. कारण तिकडची वीज १२० व्होल्टची आणि इकडची २३० व्होल्टची. पण या यंत्राचा चार्जर १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कोणतीही वीज घेऊ शकतो आणि तसे त्याच्यावर बारीक अक्षरांत छापलेलेही असते. ते वाचण्याचे कष्ट घेतले, तर स्वस्तात मिळणारी एक प्लगची जोडणी पुरते. दुसरी गंमत अशी, की त्याची तार हल्लीच्या मोबाइलच्या तारेसारखीच दिसते. त्यामुळे मोबाइलच्या चार्जरवरही बॅटरी सावकाश भरते. मात्र साधा चार्जर डॉकला जोडला, तर टीव्हीवर चित्र येत नाही. दुप्पट वेगाने राबण्यासाठी डॉकला १५ व्होल्टची वीज लागते आणि साधा मोबाइल चार्जर ५ व्होल्टचीच देतो. यंत्र बिघडले असे समजून कित्येक जण येथेच घाबरून जातात.

खेळ विकत मिळतात ते टपालाच्या तिकिटाएवढ्या कार्डांवर. कोणत्याही देशात घेतलेले कार्ड कोणत्याही देशातल्या यंत्रात चालते, हे येथल्या मुलांच्या पथ्यावर पडले आहे. घरातल्या लहानग्याने हे कार्ड तोंडात घालू नये, म्हणून त्याला डेनाटोनियम बेंझोएट या अत्यंत कडू रसायनाचा लेप दिलेला असतो. एकदा जिभेला लागला, की कारल्याचा रस गोड वाटावा. (मोठ्या माणसांनीही हा प्रयोग हौसेने करून पाहिला आहे आणि मग पाण्याचा पेला शोधला आहे.) महागडी कार्डे प्रत्येकाने घेण्यापेक्षा मित्रांनी आपसांत फिरवावीत, हे शहाणपण मुलांना आपोआप सुचते. कार्ड मित्राला दिले, तरी आपण खेळात कोठवर पोहोचलो याची नोंद आपल्याच यंत्रात राहते. कार्ड परत आले, की खेळ पुन्हा तेथूनच सुरू. थेट इंटरनेटवरून उतरवून घेतलेला खेळ मात्र २०२५ पर्यंत असा उसना देता येत नसे.

उन्हाळ्यात जपावे लागते. ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानातच यंत्र वापरावे, अशी कंपनीची सूचना आहे आणि पुण्याच्या परिसरातील एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी ही मर्यादा ओलांडतात. पंखा आतली उष्णता बाहेर टाकतो खरा. पण बाहेरचीच हवा तापलेली असली, तर तो बिचारा काय करील? बंद गाडीच्या काचेजवळ किंवा पत्र्याच्या छपराखाली यंत्र सुरू ठेवले, तर बॅटरीचे आयुष्य घटते. याउलट परीक्षेच्या दिवसांत यंत्र कपाटात बंद करून ठेवावयाचे असेल, तर ते पुरते रिकामे करून ठेवू नये. दीर्घकाळ रिकामी पडलेली लिथियम बॅटरी पुन्हा भरेनाशी होते. म्हणून निदान सहा महिन्यांतून एकदा ती भरावी.

या यंत्राचे खरे दुखणे मात्र निराळे आहे. ते बॅटरीत नाही आणि चिपेतही नाही. वर्ष-दोन वर्षे खेळल्यावर एखाद्या दिवशी खेळातला वीर कुणी काही न करता डावीकडे चालू लागतो. कंट्रोलरच्या दांडीला बोटही लागलेले नसते, तरी तो चालतच राहतो. कधी कड्यावरून खाली पडतो. घरात पहिला संशय धाकट्या भावावर येतो, तो अर्थातच चुकीचा असतो. जगातील अनेक देशांतून हीच तक्रार आली आहे. कंट्रोलरच्या छोट्या दांडीखाली कार्बनचा लेप दिलेल्या बारीक पट्ट्या असतात आणि त्यांवरून धातूचा एक स्पर्शक सरकतो. तो पट्टीवर कोठे आहे त्यावरून विजेला होणारा अडथळा बदलतो आणि दांडी किती कलली हे यंत्राला कळते. हजारो वेळा घासून लेप झिजला, की यंत्राला खोटी खबर मिळू लागते. दांडी मध्यभागी उभी असते आणि यंत्र समजते की ती कललेली आहे.

यंत्राच्या सेटिंगमध्ये दांडीचा मध्यबिंदू नव्याने ठरविण्याची सोय आहे. झीज थोडी असेल, तर तेवढ्याने काही दिवस निभते. अधिक असेल, तर दांडीचा भाग बदलावा लागतो. कंट्रोलर उघडण्यासाठी तीन पाकळ्यांच्या खाचेचा बारीक पेचकस लागतो. हे काम मुलाने एकट्याने करू नये. आतल्या तारा कागदी फितीसारख्या नाजूक असतात आणि शेजारीच लिथियमची छोटी बॅटरी असते. देहूरोडच्या घरात हे काम गुरुवारवर पडते. शाळा सुटेपर्यंत वडिलांची झोप झालेली असते. मग वर्तमानपत्र पसरून, काढलेला प्रत्येक स्क्रू ओळीने मांडून ठेवीत, कंट्रोलर उघडला जातो. जुनी दांडी वेगळी करून तिचे झाकण काढले, की आतल्या काळ्या पट्टीवर घासून उमटलेला चरा दिसतो. मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला तो ओळखावयास वेळ लागत नाही. मोटारीत पाय किती दाबला हे इंजिनाला कळविणारे भागही पूर्वी असेच पट्टीवर घासत चालणारे असत आणि असेच झिजत. पुढे तेथे चुंबकावर चालणारे संवेदक आले. चुंबक जवळ-दूर झाला, की संवेदकातील व्होल्टेज बदलते. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेला हा परिणाम. त्यात काही घासत नाही, म्हणून त्या रीतीने झिजतही नाही. मोटारीच्या चाकांची गती मोजण्यासाठीही याच परिणामाचा उपयोग करतात. याच तत्त्वावरच्या दांड्या आता या कंट्रोलरसाठीही वेगळ्या मिळतात.

नवी दांडी बसते, स्क्रू परत जागेवर जातात. एखादा उरलाच, तर सगळे पुन्हा उघडावे लागते. मध्यबिंदू ठरविल्यावर खेळातला वीर कड्याच्या टोकाशी शांतपणे उभा राहतो. टीव्हीवर आजीची मालिका सुरू झालेली असते. वडील पाटी हातात घेऊन खाटेच्या कडेला बसतात आणि दांडी डावी-उजवीकडे फिरवून पाहतात. एक कंट्रोलर मुलाच्या हातात असतो, दुसरा त्यांच्या.